काळ्या मातीवर दगडी अंगण

प्रश्न : काकू, नमस्कार. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. घर सासऱ्यांनी बांधलेलं. मागच्या परसात एक पारिजातक, एक तुळशीवृंदावन आणि बाकी सगळी काळी माती. पावसाळ्यात चपलांना चिखलाचे गोळे चिकटतात, उन्हाळ्यात जमिनीला अशा भेगा पडतात की मुलाची पट्टी अर्धी आत जाते. तिथे साधारण बारा फूट बाय दहा फुटांचं दगडी अंगण करायचं आहे, संध्याकाळी सगळ्यांनी बसायला. सासरे ७८ वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात. मिस्त्री म्हणाला, चार इंच काँक्रीट टाकू आणि वर पॉलिशचा कोटा लावू, तीन-चार दिवसांत काम होईल. पण मला आणि यजमानांना हे काम स्वतःच्या हातांनी करायचं आहे, शनिवार-रविवार धरून. आम्हाला यातलं काहीच येत नाही. जमेल का? आणि दगड कुठला घ्यावा?
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : जमेल. पण मिस्त्रीने सुचवलेल्या दोन्ही गोष्टी करू नका. काँक्रीट नको आणि पॉलिशचा कोटाही नको. का नको, ते सांगायला मला माझ्या घरची गोष्ट सांगावी लागेल.

१९९४ साली आम्ही लोकमान्य नगरातल्या घरामागे असंच अंगण करून घेतलं होतं. ठेकेदाराने भर मे महिन्यात काम केलं. खाली काँक्रीट, वर आरशासारखा कोटा, सांधे सिमेंटने बंद. गणपतीला आलेल्या प्रत्येकाने कौतुक केलं. दुसऱ्या पावसाळ्यात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरपी भेग गेली. कडा वर उचलल्या गेल्या, मधे बशी झाली आणि पाणी घराच्या भिंतीकडे वळलं. त्याच पाण्यावरून सासूबाई घसरल्या, मनगट मोडलं. मी तेव्हा सरकारी बांधकाम खात्यात आरेखक होते. काळ्या मातीतल्या इमारतींच्या पायाचे नकाशे मी रोज काढत होते, आणि घरच्या अंगणाच्या वेळी मात्र ठेकेदाराला एका शब्दाने अडवलं नाही. त्याची रुखरुख मला अजून आहे, म्हणून तुमच्या पत्राला एवढं लांब उत्तर देते आहे.

आपल्या माळव्याची काळी माती कुठून आली ते आधी लक्षात घ्या. इंदूर ज्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर वसलं आहे, तोच दगड झिजून झिजून ही माती झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या थराथरांत पाणी शिरतं तशी माती फुगते, पाणी उडून गेलं की आकसते. पट्टी आत जाते ती भेग म्हणजे उन्हाळ्यात आकसलेली माती. पावसाळ्यात तीच माती फुगून भेग बुजवते आणि वर काही असेल तर त्यालाही उचलते. दुमजली घराचं वजन तिला काही प्रमाणात दाबून धरतं. चार इंच काँक्रीटचं वजन तिच्या खिजगणतीत नसतं. शिवाय काँक्रीटच्या कडेची माती आधी भिजते आणि मधली कोरडी राहते, त्यामुळे एक बाजू वर, एक खाली. काँक्रीट वाकत नाही, ते तुटतं.

मोठ्या कामांत, विशेषतः कालव्यांच्या अस्तराखाली, काळी माती काढून तिथे न फुगणाऱ्या पण चिकटून बसणाऱ्या मुरमाचा थर देतात. ही पद्धत आपल्याच देशात, आयआयटी मुंबईत प्रा. कट्टी यांनी विकसित केली. पण तिथे थर मीटरभर जाडीचा लागतो. परसातल्या अंगणासाठी मीटरभर खोदणं तुमच्या-आमच्या आवाक्यातलं नाही. म्हणून अंगण थोडं हलणार हे धरूनच ते बांधायचं. सुट्या फरश्या, खाली दाबून बसवलेला मुरूम आणि वाळू, सांध्यांत सिमेंटचा कणही नाही. एखादी फरशी वर आली किंवा खचली तर पहारीने उचलायची, खालची वाळू कमी-जास्त करायची, परत ठेवायची. अर्ध्या तासाचं काम. २००३ साली मी आणि माझ्या धाकट्या दिरांनी ते तुटलेलं काँक्रीट घणाने फोडून काढलं आणि असं अंगण स्वतः बसवलं. तेव्हापासून तीन वेळा मिळून आठ-दहा फरश्या उचलाव्या लागल्या असतील. भेग एकही नाही.

आता काम कधी काढायचं ते. दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात माती पूर्ण आकसलेली असते, तेव्हा बांधलं की पाऊस आल्यावर ती फक्त वरच येणार. ऑगस्टमध्ये ती पूर्ण फुगलेली असते आणि खड्ड्यात पाणी साचतं ते वेगळंच. थंडीत माती मधल्या ओलीवर असते, कुदळही लागते आणि अंगही घामाने निथळत नाही.

कुदळ मारण्याआधी सासऱ्यांना विचारून कागदावर काढून घ्या : पाण्याची लाइन कुठून गेली आहे, मोरीचं चेंबर कुठे आहे, अर्थिंगचा खड्डा कुठे आहे. चेंबरचं झाकण फरशीखाली कधीही गाडू नका. झाकण अंगणाच्या हद्दीत येत असेल तर ते नव्या पातळीपर्यंत वर घ्या. गच्चीच्या पावसाचा नळ अंगणाच्या जागी पडत असेल तर त्याचं तोंड आधी दुसरीकडे वळवा. एवढ्या एका गोष्टीने अर्धी दुखणी टळतात.

माप थोडं बदला. दीड फूट चौरस फरश्या घेतल्या तर एका बाजूला आठ आणि दुसऱ्या बाजूला सात, अशा ५६ फरश्या बसतात. दोन फरश्यांमध्ये १० मिलिमीटरचा सांधा धरला की अंगण साधारण १२ फूट ३ इंच बाय १० फूट ८ इंच होतं. एकही फरशी कापावी लागत नाही, आणि नवख्या हातांसाठी ते फार मोठं सुख आहे. चार जास्त धरून साठ आणा. फुटीचा विचार करावाच लागतो.

कोपरे काटकोनात आहेत की नाहीत हे बघायला गुण्या लहान पडतो. एका दोरीवर कोपऱ्यापासून सहा फुटांवर खूण करा, दुसऱ्या दोरीवर आठ फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर बरोबर दहा फूट आलं की कोपरा काटकोनात. पातळी मोजायला मिस्त्री लोक वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळीच सर्वांत खात्रीची, फक्त आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका.

तयार अंगणाची वरची पातळी घराच्या जोत्याच्या वरच्या कडेपेक्षा निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे, नाहीतर भिंतीत ओल चढते. आणि उतार घरापासून बागेकडे, साठ फुटांना एक फूट या प्रमाणात. तुमच्या दहा फूट आठ इंचांत तो दोन इंचांच्या किंचित वर येतो. काठी घेऊन चालणाऱ्याला तो जाणवणार नाही, पाण्याला मात्र बरोबर जाणवतो.

खोदाई एक फूट. घराची बाजू सोडून बाकी तीन बाजूंना सहा-सहा इंच जास्त, कडेच्या दगडांसाठी. ही जवळजवळ १५० घनफूट माती होते आणि बाहेर काढल्यावर ती फुलून १८०-१९० घनफूट भरते. ती कुठे टाकायची ते आधी ठरवा. वरची सुपीक माती कुंड्यांना आणि वाफ्यांना ठेवा, बाकीची ट्रॉली सांगून पाठवा. पहिले दोन शनिवार-रविवार खोदण्यातच जातील. त्यात कमीपणा मानू नका.

इथे एक धोका आहे आणि तो मला कोणी सांगितला नव्हता. काळ्या मातीत खड्डा करून त्यात मुरूम-गिट्टी भरली की तो जमिनीखालचा हौद होतो. पाणी वरून झिरपतं, बाजूंची माती ते पिऊन फुगत राहते, आणि खोदल्याचा सगळा फायदा जातो. म्हणून खड्ड्याचा तळही वरच्याइतकाच उतरता करा, बागेकडे. सर्वांत खालच्या कडेला तळापेक्षा सहा इंच खोल आडवी चर काढा, तीत जाड गिट्टी भरा आणि त्या चरीचं तोंड परसाच्या सखल कोपऱ्यात किंवा पावसाच्या नालीत मोकळं सोडा. आमच्याकडे पहिल्या वर्षी ही चर नव्हती. सप्टेंबरमध्ये खालच्या रांगेतल्या चार फरश्या पाय ठेवला की पचपच करायच्या. त्या उचलून, चर काढून, पुन्हा बसवल्या.

तळावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. प्लास्टिक नको, प्लास्टिकवर पाणी अडकतं. हे कापड पाणी जाऊ देतं, पण काळी माती वर मुरमात मिसळू देत नाही.

त्यावर मुरूम, दाबून सहा इंच. दाबल्यावर तो बसतो म्हणून सुटा १०० घनफूट मागवा. मुरूम घेताना फसवणूक होते, पुष्कळदा त्यात काळी किंवा पिवळी फुगणारी माती मिसळलेली असते. घरी करण्याजोगी एक परीक्षा आहे आणि ती प्रयोगशाळेतलीच आहे, भारतीय मानकांत दिलेली. मुरूम बारीक चाळा. १०० मिलिलिटरच्या दोन काचेच्या मोजनळ्या घ्या, दोन्हींत सारखाच, १०-१० मिलिलिटर मुरूम टाका. एकीत पाणी भरा, दुसरीत केरोसीन. नीट ढवळून २४ तास हलवू नका. केरोसीनमध्ये माती फुगत नाही. पाण्यातला थर केरोसीनमधल्या थराच्या दीडपटीपर्यंत पोहोचला असेल तर ती गाडी परत पाठवा. तुमच्या परसातल्या मातीवरही ही परीक्षा एकदा करा, मुलालाही दाखवा. तो पाण्यातला थर बघितल्यावर मी काँक्रीटला नाही का म्हणते ते वेगळं समजवावं लागणार नाही.

मुरूम एकदम ओतून वरून बडवू नका. तीन-तीन इंचांचे थर द्या. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये, एवढाच ओला करा आणि धुमसाने ठोका. प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थर ठोकून दाबायचं यंत्र, एका दिवसाच्या भाड्याने मिळालं तर अवश्य घ्या. टाच जोरात मारल्यावर खळगा पडतो आहे, तोवर थर बसलेला नाही.

वरचे तीन इंच २० मिलिमीटरपर्यंतच्या गिट्टीचे, त्यात दगडाची चुरी मिसळून. ही साधारण ५० घनफूट लागेल. तीही तशीच ठोकायची. या थराची वरची बाजू आधीच नेमक्या उताराला आणा. इथे राहिलेले खळगे पुढे वाळूने भरून काढू म्हणाल तर वाळू जिथे जास्त तिथे फरशी खचते. वाळू सगळीकडे सारख्याच जाडीची हवी, एक इंच.

मग कडा. अंगणाच्या तीन मोकळ्या बाजूंना उभे दगड लावा, निम्म्याहून जास्त गाडलेले, बाहेरून थोड्या सिमेंट-वाळूच्या मसाल्याचा टेकू दिलेला. एवढ्याच जागी सिमेंट. बागेच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी बोटभर फट सोडा, पाणी जायला. कडा नसेल तर वाळू हळूहळू बाहेर सरकते आणि बाहेरच्या रांगेतल्या फरश्या पायाखाली कलंडू लागतात.

वाळू जाड, धुतलेली, १५ घनफूट. ती एकसारखी पसरायची युक्ती अशी : गिट्टीवर सहा-सात फूट अंतराने दोन पाइप आडवे ठेवा, मधे वाळू टाका आणि त्या पाइपांवरून ॲल्युमिनियमची सरळ पट्टी ओढा. पाइप पाऊण इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी घ्या. दुकानात तो पाऊण इंची म्हणून मिळतो, पण बाहेरून मोजला तर २६-२७ मिलिमीटर भरतो, म्हणजे आपल्याला हवा तो एक इंच. एक इंची पाइप आणलात तर थर ३३ मिलिमीटरचा होईल. वाळू ओढून झाली की पाइप काढून घ्या, त्यांच्या खाचा भरा आणि त्या वाळूवर पाय ठेवू नका.

आता दगड. यावर मी मनापासून लिहिते, कारण दुकानात गेल्यावर सगळे रंग बघतात.

कोटा दगड राजस्थानातल्या रामगंजमंडीकडून येतो. तो चुनखडक आहे. घरात तो उत्तमच, माझ्या स्वयंपाकघरात आजही आहे. पण पॉलिश केलेला कोटा अंगणात ओला झाला की साबणासारखा होतो आणि सासरे काठी घेऊन चालतात. काठीचं रबरही त्यावर सरकतं. शिवाय मे महिन्यात दुपारी चारला गडद कोट्यावर अनवाणी उभं राहवत नाही. कोटाच हवा असेल तर बिनपॉलिशचा, जाड घ्या.

मी तुम्हाला वाळूचा दगड सुचवीन. धौलपूरचा फिकट किंवा गुलाबट, करौलीचा लाल, ग्वाल्हेरकडचा पांढरट हिरवा, सगळे इंदुरात येतात. वरचं अंग खाणीतून निघतं तसं किंवा छन्नीने टिपलेलं, खरखरीत. जाडी पूर्ण दोन इंच. वाळूवर बसवायच्या फरशीला जाडी हवीच. इंचभर जाडीची फरशी काँक्रीटवर टिकते, वाळूवर मधोमध मोडते. दीड फूट चौरस, दोन इंच जाड अशी एक फरशी सुमारे २५ किलोची असते. दोघांनी मिळून आरामात उचलता येते. दोन फूट चौरस घेतली तर तीच ४४-४५ किलो होते. त्या मोहात पडू नका, कमरेचं दुखणं घरात आणू नका.

निवडताना प्रत्येक फरशी उभी धरा आणि छोट्या हातोडीने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ती एकसंध. बद्द आवाज आला तर आत चीर किंवा पापुद्रा आहे, बाजूला ठेवा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू दे. वाळूचा दगड थराथराने बनलेला असतो. ते थर आडवे राहतील अशीच फरशी कापलेली हवी. बाजूने पाहिलं की रेघा दिसतात. रेघा उभ्या दिसल्या तर तिच्यात पाणी शिरून काही वर्षांत पापुद्रे सुटतात.

बसवताना एका कोपऱ्यापासून सुरुवात करा, दोरीच्या रेषेत, आणि बसवलेल्या फरश्यांवरच बसून पुढे सरका. फरशी दोघांनी धरून सरळ खाली ठेवा, घसरवत आणू नका. रबरी हातोड्याने मधून कडेकडे ठोका. मग चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने पाय देऊन बघा. डुगडुगली तर उचला, वाळू घाला किंवा काढा, परत ठेवा. कारागीर घाई असली की डुगडुगणाऱ्या फरशीखाली दगडाची कपची सरकवतात. तसं अजिबात करू नका. सगळं वजन त्या कपचीवर येतं आणि फरशी तिथूनच मोडते. शेजारच्या दोन फरश्यांच्या उंचीत तीन मिलिमीटरहून जास्त फरक नको. तुमच्या घरात तर नकोच, सासऱ्यांच्या चपलेचं टोक अडकायला तेवढं पुरतं.

सांध्यांत कोरडी चुरी झाडूने भरा, वरून हलकं पाणी शिंपडा, बसली की पुन्हा भरा, फरशीच्या पातळीपर्यंत. काठीचं टोक जाईल एवढी खाच कुठे राहू नये. पहिल्या पावसानंतर थोडी वाहून जाईल, दसऱ्याच्या आसपास पुन्हा भरा.

कडेचा एखादा दगड कापावा लागेल. तो कोरडा कापू नका. वाळूच्या दगडात बहुतांश क्वार्ट्झ असतं आणि त्याची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते ती परत निघत नाही. आपल्याच माळव्यात, मंदसौरच्या स्लेट-पेन्सिलच्या कारखान्यांतल्या कितीतरी कामगारांचे श्वास या धुळीने संपवले. त्याला सिलिकोसिस म्हणतात आणि त्याला औषध नाही. कापताना पात्यावर पाण्याची धार ठेवा, एन-९५ मास्क आणि चष्मा लावा, मुलाला त्या वेळी घरात ठेवा. पैसे देऊन मिस्त्रीकडून कापून घेणार असाल तरी त्याच्यासाठीही पाणी आणि मास्क तुम्ही ठेवा. तो नको म्हणेल, आग्रह करा.

पारिजातकाच्या बुंध्याभोवती निदान तीन फूट मोकळी माती सोडा, मुळांना पाणी आणि हवा मिळू द्या. शरदात फुलांचा सडा त्या खरखरीत दगडावर पडेल, तेव्हा सकाळी झाडू लावायची घाई करू नका. वृंदावन अंगणात घ्यायचं असेल तर त्याचा पाया वेगळा राहू द्या आणि भोवती बोटभर सांधा सोडून चुरी भरा, म्हणजे दोन्ही आपापल्या परीने हलतील.

प्रश्न : वडोदऱ्याला आमच्या घराभोवती गेल्या वर्षी बिनपॉलिशचा कोटा बसवला. काम झाल्यावर सिमेंटचे डाग काढायला कारागिराने तेजाब ओतून घासलं. डाग गेले, पण आता जागोजागी पांढुरके, खडबडीत पट्टे दिसतात. काय लावल्याने जातील?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : लावून जाणार नाहीत. कोटा चुनखडक आहे आणि तेजाबाने तो विरघळतो. फेस आला असेल, तो तुमच्या दगडाचा होता. आता दोनच गोष्टी करता येतात. आधी दोन-तीन दिवस भरपूर पाण्याने धुऊन सांध्यांत राहिलेलं तेजाब काढा, नाहीतर ते आत खात राहील. मग फरशी घासायचं मशीन आणून सगळं अंगण एकसारखं घासून घ्या, फक्त पट्टे नाही. पॉलिशपर्यंत नेऊ नका, खरखरीतच ठेवा. पुढे सिमेंटचे शिंतोडे पडले तर ओले असतानाच पुसायचे, वाळले तर लाकडी पट्टीने खरवडायचे. लिंबू, चिंच आणि व्हिनेगरही या दगडापासून दूर ठेवा. लोणच्याची बरणी उन्हात ठेवताना खाली ताट ठेवा.

प्रश्न : दगडी अंगणावर दर पावसाळ्यात शेवाळ येतं. ब्लीचिंग पावडर टाकू का?
— एक वाचक भगिनी, इंदूर

उत्तर : टाकू नका, सांध्यांतून ती झाडांच्या मुळांशी जाते. ताठ काथ्याच्या ब्रशने साध्या पाण्यात घासा आणि वर झुकलेल्या फांद्या छाटून ऊन येऊ द्या. दरवर्षी एकाच जागी येत असेल तर तिथे पाणी थांबतं आहे. ती फरशी उचलून उतार सुधारा.

प्रश्न : ग्वाल्हेरला लष्कर नावाच्या भागातला आजोबांचा वाडा गेल्या वर्षी पाडला गेला. छताच्या दगडी पट्ट्यांपैकी चाळीसेक मी मागून आणल्या. लांब आहेत, चार ते सहा फूट, एका बाजूला जुना चुना चिकटलेला. त्यांतली एक वेगळी आहे, छताची नाही, मागच्या चौकातली. तिच्यात आजीच्या आणि तिच्या सासूच्या कांडण्याने खोल वाटी पडली आहे. नव्या घराच्या छोट्या अंगणात हे सगळं वापरता येईल का?
— एक वाचक भगिनी, ग्वाल्हेर

उत्तर : येईल, आणि तुम्ही त्या मागून आणल्यात याचा मला फार आनंद झाला. ग्वाल्हेरच्या जुन्या घरांची छतं याच पट्ट्यांची. भिंतीपासून तुळईपर्यंत एकेक पट्टी टाकायची आणि वर चुन्याचा थर. इतकी वर्षं वजन पेललेला दगड आहे, त्याची ताकद सिद्ध झालेली आहे.

फक्त त्या पट्ट्या छतात दोन टोकांवर टेकल्या होत्या, जमिनीवर त्या पूर्ण अंगाने टेकल्या पाहिजेत. सहा फूट लांबीची पट्टी वाळूवर अंथरली आणि मधे कुठे पोकळी राहिली तर ती तिथे मोडते. म्हणून प्रत्येकीची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा जास्त ठेवू नका. कापायला यंत्रच लागतं असं नाही. छन्नीने चारही बाजूंनी रेघ कोरून, खाली लाकडी दांडा ठेवून, रेघेवर पुन्हा पुन्हा हलकं ठोकलं की जुन्या हाताचा कारागीर सरळ तोडून देतो. तुटलेली कड जरा ओबडधोबड राहते, अंगणात ती शोभते. सांधे मात्र पाऊण इंचापर्यंत रुंद ठेवावे लागतील.

कापण्याआधी प्रत्येक पट्टी ठोकून ऐका. गळणाऱ्या छताखाली राहिलेल्या काही आतून सुटलेल्या असतील, त्या कडेला उभ्या गाडायला वापरा. चुना तेजाबाने काढू नका, पाण्याने भिजवून पत्र्याने खरवडा. पूर्ण गेला नाही तर ती बाजू खाली जाऊ द्या. कुठली बाजू वर ठेवायची हे ठरवताना दोन्ही बाजू ओल्या करून उन्हात बघा. छताची खालची बाजू बहुधा घडवलेली, सपाट असते. तुमच्या घरातली माणसं इतकी वर्षं रात्री पडल्या पडल्या तीच बघत आली, तीच वर ठेवावी असं मला वाटतं.

वाटी पडलेली फरशी चालण्याच्या वाटेत नको, पाय मुरगळेल. ती कडेच्या रांगेत, नळाजवळ किंवा झाडाच्या सावलीत ठेवा, वाटी वर करून. बाकी अंगणाला उतार असला तरी ती एकटी अगदी समपातळीत बसवा, म्हणजे पाणी सगळीकडे सारखं भरेल. चिमण्या आणि बुलबुल येतील. फक्त आठवड्यातून दोनदा ती घासून रिकामी करा, नाहीतर डासांच्या अळ्या होतात.